फ्रान्सातल्या भिंती अन् आमची भिंत

बायको जाऊन वरीस होत आलं. वर्षश्राद्धाला सोयरे येणार म्हणून पोरानं मातीच्या घराला सिमेंटचा गिलावा करायला काढला. तीन भिंती मी करू दिल्या. अंगणाकडची राहिली. तिला हात लावायचा न्हाई, असं मी बजावलं होतं. ती भिंत बायको दर दिवाळीला पांढऱ्या मातीनं पोतारायची. ओल्या मातीत बोटांनी कमानी उठवायची, एकीला लागून दुसरी. शेवटच्या कमानी अजून तशाच हायेत. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, त्यात ती दुसरीच कुणी बाई दिसते.

मिस्तरी सिमेंटचा माल कालवून राह्यल्ता, तेवढ्यात परतूरहून जावई आले. शाळेत चित्रकला शिकवतात. पिशवीतून चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. दीडशे वर्षांमागं फ्रान्सात एक चित्रकार होता म्हणे, खेड्यापाड्यांतली घरं, गल्ल्या, झाडं काढत हिंडायचा. पान उलटायच्या आधी जावयांनी रुमालानं हात पुसले.

"बघा मामा, भिंतीचा पोपडासुद्धा सोडला न्हाई गड्यानं. केवढी माया असंल."

चित्रं चांगली होती, खोटं कशाला बोलू. एका भिंतीला तर वाटलं, हात लावला की माती बोटाला लागंल.

मंग तेच जावई पोराला म्हणले, "अन् ही एक कशाला ठेवता? आजच उरकून घ्या. लोक काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. "जावईबापू, कागदावरच्या परक्या भिंतीसाठी हात पुसता, अन् सासूच्या भिंतीवर सिमेंट मारा म्हणता? तो फ्रान्सवाला इथं आला असता तर चित्र काढायला कुठं बसला असता? त्या तीन भिंतींपुढं?"

पोरगं मला म्हणलं, "बाबा, पाव्हण्यांशी जरा दमानं."

"पाव्हणे जेवून जातील. मला इथंच राहायचंय."

मिस्तरी थापी घेऊन उभाच. "बाबा, माल वाळून राह्यला."

"मंग न्हाणीला लाव."

मी बाज ओढली अन् भिंतीला लागून बसलो. जावयांनी पुस्तक मिटलं. मंग पिशवीतून कोरा कागद घेतला. "सरका थोडं मामा, भिंतीचं चित्र काढून घेतो."

"मी सरकलो की मिस्तरी येतो. मला धरूनच काढा."

श्राद्धाला लोक म्हणायचं ते म्हणले. तिचं पान मी त्याच भिंतीपाशी वाढायला लावलं.