गालाला लावलेली बाटली

बारा देशांची बियर मी प्यायलो आहे, हे कुणी विचारायच्या आधीच मी सांगतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या एका बारमध्येही सांगितलं. मित्र वैतागले. "इथल्या तीन परदेशी बियर डोळे बांधून ओळख, नाहीतर आयुष्यभर गप्प बस," म्हणाले.

तिथला वेटर पन्नाशीचा, काटकुळा. प्रत्येक बाटली टेबलावर ठेवण्याआधी तो गालाला लावून बघायचा, आईने लेकराचा ताप बघावा तशी. त्यानेच खांद्यावरच्या टॉवेलने माझे डोळे बांधले आणि काउंटरवरून भरून आणलेले तीन ग्लास एकामागून एक हातात दिले.

मी पहिला घोट जिभेवर घोळवला, मान डोलावली. "जर्मनी!" दुसऱ्याला म्हणालो, "बेल्जियम, थेट तिथल्या मठात साधूंनी बनवलेली!" तिसरा ग्लास नुसता हुंगला. "मेक्सिको. समुद्राचा वारा लागलाय हिला."

"बरोबर," वेटर प्रत्येक वेळी गंभीरपणे म्हणाला. मित्रांनी नाइलाजाने टाळ्या वाजवल्या.

हात धुताना मी त्याला हळूच विचारलं, "भाऊ, खरंच बरोबर होतं?"

"तिन्ही गिलासात एकच होती, साहेब. इथलीच. बाकीच्या गरम होत्या. एवढ्या तपनात तुमाले गरम पाजू का?"

"मग बरोबर कशाला म्हणालात?"

"तुमचे दोस्त हसाले टपून बसले होते ना. अन् मले काय समजते त्यातलं? मी तर पेतच नाई."

आता जगातली सर्वोत्तम बियर कोणती असं कुणी विचारलं, तर मी देश सांगत नाही. समोरची बाटली उचलतो आणि गालाला लावतो.