माहितीपटाला कात्री लावू नये

आमचे थोरले काका दातांचे डॉक्टर आणि सिनेमाचे वेडे. पेशंटला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, की काका सिनेमावर बोलायला मोकळे. समोरच्याला हूं की चूं करता येत नसे. परदेशी सिनेमा अर्धा वाचायचा आणि अर्धा बघायचा असतो, पण लोक नुसते खालच्या ओळी वाचून घरी जातात, हे त्यांचं आवडतं मत. चार मित्र गोळा करून काढलेल्या छोट्या सिनेमांचा खरखरीत आवाज ते माफ करत. रडायच्या जागी व्हायोलिन वाजलं की मात्र भडकत. "कुठे रडायचं ते आम्हाला कळत नाही का?" आणि माहितीपटाबद्दल तर एकच हेका, "त्याला कात्री लावू नये. सगळं दाखवा, नाहीतर घरी बसा." फिल्म क्लब त्यांनीच काढलेला, त्यामुळे तिथेही त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे बाबा. ते बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायच्या खात्यात होते. आमची राहती खोलीही कारखान्याचीच. कारखान्याचे मॅनेजर क्लबचे सभासद, दर रविवारी सकाळी तिसऱ्या रांगेत हजर.

क्लबमधल्याच एका मुलीने त्या कारखान्यातल्या कामगारांवर माहितीपट केला आणि आधी काकांना दवाखान्यात आणून दाखवला. पुढचं काकांनीच मला नंतर सांगितलं. मध्येच पडद्यावर बाबा आले. खालचा ओठ बोटाने ओढून त्यांनी कॅमेऱ्याला हिरड्या दाखवल्या. कडेने निळसर रेघ होती. "हे शिसं आहे," बाबा म्हणाले. "आमचं रक्त तपासतात, पण रिपोर्ट दाखवत नाहीत." ती रेघ काकांनीच बाबांना आरशात दाखवली होती, आणि कुठे बोलू नकोस असंही बजावलं होतं.

काकांच्या डोळ्यांसमोर मॅनेजर आले. नोकरी गेली तर शिसं भिनलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार, आणि राहणार कुठे?

"एवढा तुकडा काढ," ते म्हणाले.

"काका, तुम्हीच तर म्हणता..."

"मी काय म्हणतो ते मला माहीत आहे. तो माझा भाऊ आहे. काढणार नसशील तर हॉल मिळणार नाही."

तिने काढला. काकांनी बाबांना काहीच सांगितलं नाही.

रविवारी बाबा ठेवणीतला शर्ट घालून आले, मलाही घेऊन आले. काका आमच्या शेजारी बसून सारखे तिसऱ्या रांगेकडे बघत होते. दिवे मालवल्यावर बाबा माझ्या कानात म्हणाले, "भीती वाटतेय गं. पण आता बाण सुटला."

पडद्यावर पैलवान आले. हे बाबांचे खात्यातले जोडीदार, अंगाने काडी, म्हणून पैलवान. त्यांनी ओठ ओढला, निळी रेघ दाखवली, रिपोर्टचंही बोलले. मग आणखी दोघं-तिघं आले आणि माहितीपट संपला. बाबा आलेच नाहीत.

बाबा काकांकडे वळले. "दादा, माझं कुठे गेलं?"

काका वाकून चपलेचा पट्टा लावू लागले.

"अरे, पैलवान नकोच म्हणत होता. मी त्याला म्हटलं, घाबरू नको, दोघं असू."

दिवे लागले. तिसऱ्या रांगेतून मॅनेजर मागे वळले आणि अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तो बारीक माणूस आमच्याकडचाच ना? नाव काय त्याचं?"

काकांना नाव माहीत होतं. मतांचा कारखाना असलेला हा माणूस म्हणाला, "आधी चहा घेऊ या." बाबा उठू नयेत, एवढंच मला वाटत होतं.

बाबा उठले. काकांनी त्यांची बाही धरली, ती त्यांनी हळूच सोडवून घेतली.

"साहेब, त्याचं नाव नका विचारू," बाबा म्हणाले. "माझं घ्या. कॅमेऱ्यापुढे मी त्याच्या आधी बोललोय. यात ते दिसलं नाही, म्हणून आता इथे बोलतो."