ओढ्यापलीकडच्या म्हातारीला दिलेला शब्द

मयतीला गेले की आमचे आमदार गाडीतून उतरण्याआधीच मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. "दुखाच्या जागी घड्याळ बघितलेलं लोकांच्या लय ध्यानात राहतं," म्हणायचे. मी त्यांचा पीए. विश्रामबागेतलं त्यांचं ऑफिस सांभाळायचो. म्हणजे हार त्यांच्या गळ्यात आणि शिव्या माझ्या कानात.

लग्नाला ते हटकून उशिरा पोचायचे, मातीला कधीच नाही. असे आमदार तुम्हीही पाहिले असतील. पण आमच्या साहेबांचं एक वेगळंच होतं. सावडायच्या दिवशी नैवेद्याला कावळा शिवला नाही, की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात. मग घरचे एकेक जण शब्द देतात: पोरीचं लग्न करू, पोरांना शिकवू. तरीही शिवेना, की आमच्या मतदारसंघाच्या पूर्व भागातली माणसं साहेबांकडे बघायची. साहेब चपला काढून पुढे व्हायचे. "बोला, काय राहिलं हुतं? करतो. मी हाय न्हवं!"

बऱ्याचदा कावळा यायचा. गाडीत मी म्हणायचो, "साहेब, कावळा आपल्याच पक्षाचा दिसतोय." ते पोट धरून हसायचे.

एकदा मात्र हसले नाहीत. एका वस्तीवर आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यायला आलेली गाडी भरल्या ओढ्याच्या अलीकडेच अडकली आणि म्हातारी पलीकडेच वारली. सावडताना थोरला मुलगा म्हणाला, "आयला एकच वाटायचं, ओढ्यावर पूल व्हावा." साहेबांनी हात जोडले. "पूल करतो, आये." कावळा लगेच उतरला.

त्या पुलानं त्यांना झपाटलं. प्रस्ताव मुंबईला जायचा आणि त्रुटी लागून परत यायचा. विरोधी बाकावरच्या माणसाचा पूल कोण मंजूर करतो? शेवटी पुलासाठी त्यांनी पक्ष बदलला. लोक म्हणाले, विकला गेला. नारळ फुटला, कोनशिला बसली, आणि निधी दुसऱ्याच तालुक्याला गेला. पुढच्या निवडणुकीत साहेब सपशेल पडले. त्या वस्तीनंही मतं दिली नाहीत. मला त्या माणसांचा अजून राग येतो, आणि राग धरायला तोंड नाही हेही कळतं.

मी कुपवाडला एका कारखान्यात लागलो. साहेब माझ्या मोटरसायकलवर मागे बसून मातीला यायचे.

गेल्या पावसाळ्यात म्हातारीचा तो थोरला मुलगा वारला. सावडायच्या दिवशी आम्ही विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून ओढा ओलांडला. नवे आमदार खुर्चीवर बसले होते. कावळा शिवेना. घरच्यांनी सगळे शब्द देऊन झाले. कुणीतरी म्हणालं, "पुलाचं बोला की." नवे आमदार मोबाइल बघत राहिले. साहेब उठले.

धाकटा भाऊ हात जोडून आडवा आला. तो चिडला असता तरी बरं झालं असतं.

"आवं सायेब, तुमी नगा बोलू. तुमच्या शब्दावर इसवास ठेवून आमची आय निवद शिवून गेली. दादाला तरी फसवू नगा."

साहेब दोन पावलं मागे सरले. शेवटी नैवेद्य गाईला घातला.

त्यानंतर ते कुणाच्याच मातीला की सावडायला गेले नाहीत. मी जातो, आणि संध्याकाळी त्यांना फोन करतो. ते गेलेल्याचं नाव विचारत नाहीत, कोण कोण आलं होतं तेही विचारत नाहीत.

"कावळा शिवला का रं?" एवढंच विचारतात.

शिवला नसला तरी मी "व्हय" म्हणतो.