रिकामे गेलेले डबे

तुमची पोरगी जेवली, हे तुम्हाला कशावरून कळतं? आमच्या गावात, वरकुट्यात, ते रिकाम्या डब्यावरून कळायचं. नव्वदीच्या सुरुवातीला मी आणि माझी चुलत बहीण बारामतीत खोली घेऊन कॉलेज करत होतो. सकाळच्या एसटीनं गावाकडून आमचे दोन डबे यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. डबा घासलेला पोचला की दोन्ही घरं निर्धास्त.

बहीण माझ्याहून वर्षानं मोठी. दिवाळीच्या सुट्टीत पळसदेवचे पाहुणे तिला बघून गेले आणि मागाहून निरोप आला, "मुलगी अंगानं जास्त हाय." घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. तीही बोलली नाही. खोलीवर आली आणि तिनं सोमवार धरला. मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. उरलेल्या दिवशी ती मागच्या दारी जाऊन घरमालकाच्या म्हशीच्या घमेल्यात डबा उलटा करायची.

मी पत्रकांवर वाढलेली. माझे वडील बाजारच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे, त्यांच्या घड्या मी घालायची. उपासतापासाला आमच्यात थारा नव्हता. तिला सांगायला माझ्याकडे मुद्दे भरपूर होते. सांगितला एकही नाही, कारण मला तिचा हेवा वाटत होता. तिच्या गालांची हाडं वर आली, ड्रेस खांद्यावरून ओघळू लागला, आणि वर्गातल्या मुली तिला कौतुकानं विचारू लागल्या, काय करतेस गं? संक्रांतीला गावी गेलो, तर माझी स्वतःची आई तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "बघ, मनाची किती घट्ट हाय. न्हायतर आमची. तीन भाकरी झाल्या तरी ताटावरनं उठत न्हाय."

त्या आठवड्यापासून मीही माझा डबा म्हशीला घालू लागले. मी देवाचं नाव न घेता उपाशी राहते, असा वर ताठा. तिनं चार घास खाल्ले तर मी दोन. म्हैस तेवढी तुकतुकीत झाली.

फेब्रुवारीत एका सकाळी स्टँडवर डबे घेताना ती फलाटावरच खाली बसली. कंडक्टर आमच्या भागातला.

"काय गं, ही जेवत न्हाय का काय?"

"जेवती की," मी म्हणाले. "डबा रिकामा जातोय न्हवं का. तुमीच तर नेताय."

"व्हय, ते बी खरंच," म्हणत त्यानं घंटी मारली.

मी खोटं बोलले. गावात कळलं असतं तर सगळे तिच्यासाठी धावत आले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

दुपारी मी माझा डबा घेऊन मागच्या दाराकडं निघाले, तेव्हा ती कॉटवरून म्हणाली, "तू कशाला गं? तू जेव की. तुला कुणी नको म्हटलंय का?"

इतक्या महिन्यांत त्या निरोपाबद्दल ती एवढंच बोलली. तिचा हात उशीवर वर टाकलेला होता, बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. त्या संध्याकाळी मी दोन्ही डबे भरलेलेच गाडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिची आई, माझी चुलती, आली. लेकीला कवटाळून बसली, मग दवाखान्यात घेऊन गेली. माझ्या आईनं चुलतीबरोबर विचारून पाठवलं होतं, भाकरी कच्ची राहिली होती का? मी दारात उभी राहून त्या मायलेकींकडं बघत होते, आणि तेव्हाही जळतच होते.

बहिणीला धड जेवू लागायला वर्ष गेलं. मी कधी नीट जेवू लागले, कुणाच्या ध्यानात नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही एक करा. घरातल्या पोरीशेजारी आज आपलं ताट घेऊन बसा. ती बारीक झाली म्हणून तिचं कौतुक करू नका. ज्या गोष्टीवर घरात सगळे गप्प आहेत, ती तुम्ही आधी बोला. ती चिडेल, उठून जाईल. तरी उद्या पुन्हा बसा.