अध्यक्षबाईंचा प्रश्न

अध्यक्षबाईंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. पक्षाची बैठक सुरू झाली की बाकीचे खुर्च्या धरायचे आणि या मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारायच्या. "बसा हो," असं कुणी म्हटलंच तर म्हणायच्या, "बसलं की डोकं पन बसतं." उरण तालुक्यात आमच्या पक्षाच्या महिला आघाडीच्या त्या अध्यक्ष, मी तालुका चिटणीस. वयानं लहान म्हणून मला अरेतुरे करत.

बंदराच्या आसपासच्या कंटेनर यार्डांत त्यांच्या गावच्या कितीतरी बाया साफसफाईला, पॅकिंगला जात. देशाचे कामगार कायदे बदलायचं चाललं होतं, तेव्हा आम्ही विरोधी पक्षात होतो. आता माणूस मुदतीवर घेतील, मुदत संपली की घरी पाठवतील, असं सांगत आम्ही गावोगाव फिरलो. अध्यक्षबाईंनी बायांना यार्डाच्या गेटवर बसवलं, भर उन्हात. त्यातल्या काहींना ठेकेदारानं पुन्हा कामावर घेतलंच नाही. त्यांना दुसरं काम मिळावं म्हणून बाई कुठे कुठे हिंडल्या, ते मी पाहिलंय.

पुढे आमचं सरकार आलं आणि तोच बदल आमच्याच पक्षानं पुढे आणला. वरून निरोप आला, सुधारणेचे फायदे लोकांना समजावून सांगा.

त्या संध्याकाळी बाई माझ्या घरी आल्या. "कायदा वाच. सगला वाच," म्हणाल्या. मी वाचत होतो आणि त्या ओटीवर येरझारा घालत ऐकत होत्या. मुदतीवरच्या कामगारालाही प्रॉव्हिडंट फंड मिळणार, हे ऐकून थांबल्या. "ह्ये बरं हाय." त्यांचा पुतण्या खासगी टर्मिनलमध्ये क्रेनवर लागला होता, त्यामुळे नवं ते सगळं वाईट, असं त्या कधी म्हणत नसत. वाचून झाल्यावर ओटीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. मग म्हणाल्या, "पक्षानं मत बदलावं रे. मानूस बदलतो, पक्षानं का बदलू न्हाय? पन ज्यांना उन्हात बसवलं, त्यांना सांगून बदलावं."

जिल्ह्याचे नेते गावात आले. समाजमंदिर भरलं होतं. विकास, गुंतवणूक, जगाशी स्पर्धा, असं त्यांचं भाषण रंगात आलेलं असताना बाई मागून चालत थेट पुढे गेल्या.

"साहेब, येकच सांगा. आपन तवा चुकलो व्हतो, का आता चुकतोय?"

नेते हसले. "ताई, विरोधात असलं की तसं बोलावं लागतं."

"तुमी बोललात. बाया खरं समजून बसल्या. त्यांचं काम गेलं."

नेत्यांनी पाणी मागवलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यानंतर लवकरच महिला आघाडीला नव्या अध्यक्ष मिळाल्या.

समोरचा पक्ष लगेच दारात आला. हाच बदल आधी त्यांनी मांडला होता आणि आता तेच त्याविरुद्ध मोर्चा काढत होते. बाईंनी त्यांना चहा पाजला. "तुमचा पन त्योच खेल," एवढं बोलून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच घरोघर जायला लागल्या. कायद्यात काय मिळतं, काय जातं, ठेकेदाराला काय विचारायचं, हे सांगत. "हे पक्षानं करायचं काम हाय," म्हणत. काही बायांनी दारं लावून घेतली. काहींनी तोंडावर सुनावलं. बाई ऐकून घेत आणि आठवड्यानं त्याच दारी पुन्हा उभ्या राहत. त्यांच्यामुळे काहीजणींनी ठेकेदाराकडून फंड मिळवला. गेलेली कामं मात्र परत मिळाली नाहीत.

यंदा पनवेलच्या इस्पितळात त्यांना भेटलो. अंगात काही उरलं नव्हतं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी सांगितलं, बंदरांचं नवं धोरण येतंय, आपला पक्ष पाठिंबा देणार आहे.

"गावात सांगितलं कुनी?"

"अजून नाही."

त्या उठून बसल्या आणि पायांनी पलंगाखाली चपला शोधू लागल्या. त्यांच्या मुलीनं खांद्याला धरून त्यांना पुन्हा निजवलं. चार-पाच दिवसांत त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मी त्या धोरणाचे कागद घेऊन त्यांच्या आळीत गेलो. गेटवर बसलेल्यांपैकी एक बाई भांडी घासत होती. मी सांगत गेलो. तिनं हात न थांबवता विचारलं, "मंग आमच्या पोरांना कामावर घेतील, का बाहेरचीच आनतील?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं तिला सांगितलं आणि विचारायला पक्षाच्या कार्यालयाकडे निघालो.