तळघरातला एक कट्टा धान

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या आंधळगावच्या घराचं तळघर सुनेनं चित्रं काढायला सजवून घेतलं. रंग, दिवे, टेबल, सगळं तिच्या मनासारखं. मी पायरीवर उभी राहिले आणि मला ऐंशीचं दशक आठवलं.

तेव्हा मी नवी सून होते आणि मला कॅरमचं भारी वेड. पण बैठकीत सासऱ्यांसमोर खेळणार कसं? सासूबाईंनी एक दिवस तळघरातले धानाचे कट्टे, म्हणजे पोती, माडीवर हलवले, भिंतींना चुना मारून घेतला, बल्ब लावला आणि म्हणाल्या, "जा, नणंदेसंगं खेळ."

एक कट्टा मात्र त्यांनी कोपऱ्यात तसाच ठेवला. मला वाटलं, धानाची खोली पूर्ण रिकामी करत नाहीत, म्हणून असेल.

आम्ही खेळायचो तेव्हा सासूबाई तळघराच्या पायरीशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. कोणी विचारलं, "सून कुठी गेली?" की म्हणायच्या, "खाली धान पाहून राहिली."

एकदा मी म्हटलं, "आई, माझ्यासाठी खोटं बोलता?"

"खोटं कायले बोलू? म्हणूनच त एक कट्टा ठेवला खाली!"

आज मी सुनेच्या तळघरातल्या खोलीत धानाची टोपली ठेवली आणि सूप घेऊन पायरीवर बसले. थोड्या वेळानं मुलगा आला. "आई, ती कुठी गेली? चहा पाहिजे होता."

"खाली धान पाहून राहिली. चहा तूच मांड."

तुमच्यासाठी असं पायरीवर कोण बसलं होतं?