उत्तरेची खिडकी

हिंगोलीच्या स्टेशनावर आबांनी मला हात लावला नाही. माझ्या अंगात नवा पांढरा सदरा, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. "डाग पडल," म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभे राहिले. मी हैदराबादच्या चित्रशाळेत शिकायला निघालो होतो. तिथवर सोडायला चला म्हटलं, तर म्हणाले, "माटाला उपाशी ठिऊन कसा येऊ?"

आम्ही रंगारी. निळीचा आमचा माट जमिनीत पुरलेला, आजोबांनी लावलेला. आतली नीळ आंबत, जिवंत राहावी म्हणून त्याला रोज गूळ-चुना घालायचा, ढवळायचं; एकदा मेला की मेला. त्याच्यापायी आबा कुणाच्या लग्नातसुद्धा मुक्कामाला राहिले नाहीत. आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे लांब गेले त्यांच्या लेकरांना कुठून ठाऊक असणार?

चित्रशाळेचा स्टुडिओ पाहून पहिल्या दिवशी मी हरखलो. उंच छत, ओळीनं मांडलेले ईझल, उत्तरेला माणसापेक्षा मोठ्या खिडक्या. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून चित्रकाराला तोच लागतो. पण खिडकीजवळच्या जागा जहागीरदारांच्या आणि वकिलांच्या मुलांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. मला मिळाली खांबामागची. मास्तरांकडं तक्रार नेली तर म्हणाले, "सब्र करो." केला सब्र! समोर बसवलेल्या माणसाचा अर्धा चेहरा मला कधी दिसलाच नाही, आणि परीक्षेत शेरा मिळाला की चेहरा अर्धवट उतरलाय. आजही तो शेरा आठवला की डोकं तापतं.

रागाच्या भरात मी ते सगळं घरी कळवलं. इथं उजेडालासुद्धा मालक आहेत, असं लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर माटाची खोली ओळखू येईना. उत्तरेची भिंत फोडून खिडकी पाडलेली, भिंतींना चुना, जमीन सारवून सपाट केलेली. माट बुजवला होता.

"आता कुनाच्या मागं उभं ऱ्हायाचं काम न्हाई," आबा म्हणाले. "हितं बसून काढ चित्रं."

ते स्वतः कापसाच्या जिनात हमालीला जाऊ लागले होते. मला विचारायचं तरी होतं! हिंगोलीत माझ्या चित्रांना गिऱ्हाईक कोण होतं? पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी कागद मांडला. सुट्टीभर त्या खिडकीशी बसलो, एक रेघ ओढता आली नाही. खोलीत निळीचा वास तसाच होता.

आता आबा नाहीत. मी हैदराबादेतच सिनेमाच्या पाट्या रंगवतो, रस्त्याकडेला, उघड्यावर. उजेड हवा तेवढा, चारही बाजूंनी. तिकडं घरी ती खिडकी अजून आहे, तिच्याशी कुणी बसत नाही. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी हिंगोली सांगतो आणि विषय बदलतो.

त्या दिवाळीनंतर परत निघालो तेव्हा आबा स्टेशनावर आले होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पहिल्यांदाच. गाडीत बसल्यावर मी सदरा काढून उलटसुलट पाहिला. पांढराच होता.